दारफळणीच्या दिवशी आलेलं टपाल

घराला आता निळा रंग दिला आहे. कौलं तीच, ओट्याच्या कडेचा तडाही तोच. पण चौकटीच्या उजव्या हाताला, जिथं मेझुझाची, म्हणजे आत प्रार्थनेची चिठ्ठी असलेली, नळी ठोकलेली असायची आणि येता-जाता आम्ही तिला बोटं लावून ओठांना लावायचो, तिथं खिळ्यांची भोकं उरली आहेत, आणि त्यांवरूनही निळा हात फिरला आहे. मी रस्त्याच्या पलीकडे भाताच्या गिरणीच्या सावलीत उभी होते. गिरणी अजून चालते. तुसाचा उबट वास नाकात गेला आणि मला एकाएकी भूक लागली. नेहमीची नव्हे, उपासाची. पोट शांत असतं आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी जागं होतं, ती.

पनवेलला माझं काही काम नव्हतं. परवा मुंबईत माझी तिसरी कादंबरी परत आली. शाळेतून आले तर खोलीच्या उंबऱ्याशी पुडकं पडलेलं. मी ते उघडलं नाही. त्याला ओलांडून आत गेले, ओलांडून बाहेर आले. आज रविवारी पिशवीत घातलं आणि एस. टी. स्टँडवर जाऊन उभी राहिले. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं तेव्हा तोंडातून पनवेल निघालं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. जुनी माणसं आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमच्या पूर्वजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बैल सोडून ठेवले. माझ्या जन्मापर्यंत घाणे गेले होते आणि नोकऱ्या आल्या होत्या. बाबा सरकारी ओव्हरसियर. रस्ते आणि मोऱ्या बांधत पळस्प्यापासून खाडीपर्यंत सायकलवर फिरायचे. त्यांच्या खाकी कपड्यांना डांबराचा वास यायचा आणि त्यांना इंग्रजीचं फार वेड. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मला मुंबईला मामाकडे ठेवून मडमांच्या शाळेत घातलं. तिथं मराठी आठवड्यातून दोनदा, जेवणाच्या सुट्टीनंतर, सगळ्यांना झोप येते तेव्हा. मैत्रिणी अभिमानानं सांगत की आता आम्हाला स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडतात. माझ्या स्वप्नात मोठी मावशी यायची, आणि मोठ्या मावशीला इंग्रजी यायचं नाही.

मोठी मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, आमच्याकडेच राहायची. जुनं सगळं तिच्यापाशी होतं. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या हंडीत पाणी, पाण्यावर खोबरेल, तेलावर वात. त्या उजेडात नारळाच्या दुधातली मासळी आणि भात. कुणी आजारातून उठलं की मलिद्याचं ताट, भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं आणि वर सब्जाची डहाळी. प्रार्थनेची हिब्रू तिला तोंडपाठ होती, पण अर्थ तिला मराठीतूनच ठाऊक होता. योसेफाला भावांनी विहिरीत टाकल्याची कथा ती कीर्तनाच्या चालीवर सांगायची, आणि ती विहीर इस्राएल तळ्याच्या मागल्या वाडीतलीच वाटायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी आले की पहिले काही दिवस माझ्या जिभेवर वाक्यं अडखळायची. मावशी हसायची नाही. ती फक्त माझं वाक्य पुन्हा एकदा, आपल्या पद्धतीनं, हळू म्हणायची आणि भाजी चिरत राहायची.

उन्हाळ्यात खाडीवरून खारा वारा यायचा. मिठागरांतून पांढरे ढीग उभे असायचे. शेजारच्या काशीकाकीच्या अंगणात बोंबलांच्या वलांड्या लागायच्या, म्हणजे आडव्या दोरीवर जोडी-जोडीनं लटकवलेले बोंबील. खाली चटयांवर करंजा बंदरावरून आणलेला जवळा. आमच्या सगळ्या उशा-चादरींना तो वास असायचा. मुंबईला परत गेल्यावर ट्रंक उघडली की मामी नाक धरायची आणि मी त्या ट्रंकेत तोंड खुपसून रडायची. आता तो वास कुठल्याही मासळीबाजारात मिळतो. मिळतो, पण तो नव्हे.

शाळा संपली तेव्हा घरं जायला लागली होती. आमची माणसं इस्राएलला चालली होती. एकेका घरातली तांब्या-पितळेची भांडी ओट्यावर मांडली जायची, शेजारीपाजारी येऊन उचलून बघायचे, आणि आठवड्याभरात दाराला कुलूप. मशिदीत, आम्ही आमच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो, बाकं मोकळी व्हायला लागली. गेलेल्यांच्या ठरलेल्या जागांवर कुणी बसत नसे. मग कुणी न ठरवताच सगळे पुढं सरकले, आणि मागची बाकं धुळीनं पांढरी झाली.

त्याच वर्षी मी कादंबरी लिहिली. मागल्या खोलीत खिडकीशी बसून, निळ्या शाईनं, फुलस्केप कागदांवर. इंग्रजीत लिहायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण माझ्या गोष्टीतली बाई इंग्रजीत बोलतच नव्हती. नवऱ्यामागं एकटीनं घाणा चालवणारी आमच्यातलीच एक बाई, आणि तिला जगू न देणारी तिची सासू. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी काहीच कुणाला सांगत नसे. बाबांना मात्र सांगावं लागलं, कारण आमच्या जाण्याचीही बोलणी सुरू झाली होती.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. इतक्या फीचं इंग्रजी शिकून मुलगी मराठीत लिहिते याचं. मोठी मावशी येणार नव्हती. तिला बोटीची भीती वाटायची, आणि तिच्या नवऱ्याची कबर इथं होती. तेव्हा बाबांनी ठरवून दिलं. कुणी छापायला घेतली तर मी मावशीपाशी राहायचं. परत आली तर मुकाट्यानं त्यांच्याबरोबर बोटीत बसायचं. माणूस बोलतो त्यातलं बाबांना एवढंच समजायचं, की एखादी गोष्ट मंजूर झाली का नामंजूर.

मी हो म्हटलं. पुडकं बांधून पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. दुसरी प्रत नव्हती. एवढी पानं पुन्हा उतरून काढायची असतात हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेत जे लिहायचो ते बाई तपासून परत द्यायच्या.

वाट पाहण्याचे ते महिने मला वासांनीच आठवतात. ट्रंकांतल्या डांबराच्या गोळ्यांचा. आईनं विकायला काढलेल्या चांदीच्या समईला चोळलेल्या राखेचा. पावसाळ्यात भिंतीतून येणाऱ्या ओलीचा. मी आईला भांडी पुसायला मदत करायची आणि मनात म्हणायची की हे पातेलं मावशीला ठेवलं पाहिजे, यात आम्ही दोघी भात करू. तिकडं गेले तर लिहिणं संपलं हे मला कळत होतं. तिथली भाषा वेगळी, लिपी वेगळी. तिथं मी नव्या शाळेतल्या पोरीसारखी अक्षरं गिरवत बसेन, आणि माझ्या डोक्यातल्या बायका हळूहळू बोलायच्या थांबतील. एकेका घराला कुलूप लागताना मी पाहत होते. तसंच ते होईल असं वाटायचं.

पोस्टकार्ड आलं तर मंजूर. पुडकं आलं तर परत. इतकं साधं होतं ते.

आणि पुडकं आलं दारफळणीच्या सणाला.

हा आमचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत जेवायचं, आंघोळ करून पांढरं नेसायचं, आणि दार लावून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विस्तव नाही, लिहिणं नाही. बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, शिवायचं नाही. केलेल्या चुकांची देवाकडे माफी मागायची. आमचे मेलेले लोक त्या दिवशी घरी येतात असं जुनी माणसं मानायची, आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, ते परत जातात. मग दारं उघडून दानधर्म करायचा, शेजाऱ्यांना भेटायचं. गावात आमची मशीद असल्यामुळं बहुतेक सगळे पहाटेच तिकडं जायचे. पण मावशीचे गुडघे धरले होते, म्हणून ती घरात बसून जुन्या पद्धतीनं तो दिवस पाळायची. त्या वर्षी तिच्या सोबतीला मी राहिले. बाबा, आई आणि भावंडं गेल्यावर मी आतून अडसर घातला.

बंद घरातला तो अंधार थंड असायचा. कौलातल्या काचेतून एक उजेडाचा तुकडा पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. मावशी चटईवर बसून प्रार्थना म्हणत होती. मधूनमधून सब्जाची डहाळी नाकाशी धरायची आणि माझ्याकडे द्यायची. बाहेर गाव नेहमीसारखं चालू होतं. गिरणीचा पट्टा, भाताच्या गाड्या, काशीकाकीचं कोंबड्यांना हाकलणं. सगळं ऐकू येत होतं आणि आपलं त्यात काही नव्हतं. मेलेल्यांना घरी आल्यावर असंच वाटत असेल, असं मला तेव्हा वाटलं.

उजेडाचा तुकडा पाटाच्या जवळ आला असेल तेव्हा पोस्टमनच्या वहाणा वाजल्या. तो एरवी रस्त्यावरूनच टपाल म्हणून ओरडायचा. त्या दिवशी ओरडला नाही. त्याला सण ठाऊक होता. तो ओटा चढून आला, थोडा थांबला, आणि दारापाशी काहीतरी ठेवून निघून गेला. ठेवण्याचा आवाज झाला. पोस्टकार्डाचा आवाज होत नाही.

मावशीची प्रार्थना चालू होती. मी हलले नाही. कादंबरीच्या वजनाचा आवाज मला ओळखता आला याचंच मला नवल वाटलं. मग मी देवाची करुणा भाकायला लागले. माफीसाठी नाही. ते पुडकं माझं नसावं म्हणून. बाबांच्या कचेरीतले नकाशे असतील, तिकीटवाल्या कंपनीची कागदपत्रं असतील. वर्षातल्या सगळ्यांत पवित्र दिवशी मी देवाशी फक्त एका पुडक्याबद्दल घासाघीस करत होते.

मग पाऊस आला. आश्विनातला, परतीचा; आधी वीज नाही, वारा नाही, एकदम कौलांवर आदळला आणि खाडीकडून तिरपा लागला. तिरपा पाऊस आमच्या ओट्यावर दारापर्यंत यायचा. दाराच्या फटीतून आत आलेलं पाणी मी रोज पुसायची. आता ते पाणी कशावरून वाहून येत होतं ते मला माहीत होतं.

मी उठले आणि अडसराला हात लावला.

"कुठं?" मावशीनं विचारलं.

"पाऊस आलाय."

"येऊ दे. तुझं काय राहिलंय बाहेर?"

मावशी रागावली नव्हती. खरंच विचारत होती. मी 'आहे' असं म्हटलं असतं तर कदाचित ती म्हणाली असती, उघड. पुडक्याचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. पण मला ते वाक्य करता आलं नाही. बाहेर माझी कादंबरी आहे, ती कुणीतरी नको म्हणून परत पाठवली आहे, आणि ती भिजते आहे. एवढं सगळं त्या शांत घरात, सब्जाच्या वासात, कसं बोलायचं?

"काही नाही," मी म्हटलं आणि परत येऊन बसले.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. निळी शाई पाण्यात कशी पसरते ते मी डोळे मिटून बघत होते. आधी अनुस्वार जातील. मग उभ्या काड्या. मग सगळ्या बायका एकमेकींत मिसळतील. आणि मधेच, भुकेनं असेल, मला हलकं वाटलं. जाऊ दे. वाहून जाऊ दे गटारातून खाडीपर्यंत. म्हणजे मग मंजूर नाही आणि नामंजूरही नाही. मी बोटीत बसेन, तिकडं जाईन, संत्र्यांच्या बागेत काम करीन, आणि कुणी विचारणार नाही.

चांदण्या दिसल्या. मशिदीतून शिंग फुंकल्याचा आवाज आला. बाबा, आई, भावंडं आली. मी अडसर काढला. ओटा ओला होता, धुतल्यासारखा स्वच्छ. त्यावर काही नव्हतं. मी पायरीपर्यंत गेले, गटारात वाकून पाहिलं. बाबांनी काय हरवलं म्हणून विचारलं. मावशीला दिलं होतं तेच उत्तर मी दिलं. आईनं काळ्या द्राक्षांचं सरबत केलं होतं. सगळे घटाघटा प्याले. मी माझा पेला धाकट्या भावापुढं सरकवला.

शिळ्या सणाच्या सकाळी काशीकाकीनं कुंपणावरून हाक मारली. काशीकाकी आगरी, तिच्या घरचे मिठागरावर कामाला. तिची मुलगी हिरा माझ्याहून लहान, मराठी चौथी पास. घरातलं सगळं वाचन तिच्याकडे.

"ये गो, ये. तुजा पुडका भिजत व्हता. तुमचा सन, दार बंद. हाक कशी मारायची? म्हनून आमीच उचलला."

मी त्यांच्या अंगणात गेले आणि जागच्या जागी थिजले. बोंबलांच्या दोरीवर, बोंबलांच्याच शेजारी, माझी पानं लटकत होती. जवळ्याच्या चटईवर पानं पसरली होती आणि उडू नयेत म्हणून त्यांवर मिठाचे खडे ठेवले होते. पडवीत, चुलीच्या उबेला, अजून पानं. माझं अक्षर सगळ्या अंगणात सांडलेलं होतं. कुणी आपल्याला न्हाणीतून उचलून बाजारात आणून ठेवावं तसं मला झालं.

आणि त्यांनी ते वाचलं होतं. वाळेल तसं पान हिरानं उचललं होतं आणि मोठ्यानं वाचलं होतं. काशीकाकी, तिची जाऊ आणि हिरा, तिघी जणी, काल संध्याकाळपासून. वरची पानं फार भिजलेली म्हणून आधी शेवटची वाळली. मग मधली. मग सुरुवात.

"पहिलाच तिचा नवरा मेला," काशीकाकी सांगायला लागली. "मंग लगीन लागला. आमी म्हटला, बाईनं दुसरा केला वाटतं. बरा केला. पन हा बी मरनार, असा माज्या जावंला आधीच वाटला."

सासू तिला पटली होती. अगदी मनापासून पटली होती. घाणा चालवायचा म्हणजे काय खेळ आहे का, सून सारखी खिडकीतून बघत बसते, सासू बोलणारच, असं तिचं म्हणणं. मी ज्या सासूला दुष्ट करण्यासाठी एवढी शाई घातली होती तिच्या बाजूनं ती हातवारे करून भांडत होती. मला राग आला. वर्षभर जपून केलेली गोष्ट, आणि या बाईला उलटी कळली. पण तो राग मला ओळखीचा नव्हता. आजवर माझ्या लिहिण्यावर कुणी भांडलंच नव्हतं.

मग हिरानं एक अर्धा कागद पुढं केला. वेगळ्या, सुबक अक्षरातला. प्रकाशकांनी पुडक्यात घातलेला होता तो.

"आनि ह्यो कोन?" काशीकाकीनं विचारलं. "मधीच येतो, बोलतो नि जातो. घानेवालीला बोलतो का सासूला?"

मी वाचलं. भाषा स्वच्छ आहे, परंतु ती आपली वाटत नाही. कुणी परक्यानं मेहनतीनं शिकल्यासारखी वाटते. आपलं शिक्षण इंग्रजीतून झालेलं दिसतं. आपण अनुवादाकडे वळावं, असं सुचवावंसं वाटतं.

माझ्या कानांत काहीतरी गरम झालं. ही भाषा मला मावशीनं एकेक वाक्य पुन्हा म्हणून, भाजी चिरता चिरता दिली होती. ती माझी नव्हती, तर मग माझ्यापाशी दुसरं काय होतं? अंगणात उन्हाची तिरीप आली होती आणि बोंबलांवर माश्या घोंगावत होत्या. तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तो घाणेवालीला बोलतो," मी म्हटलं.

"गावचाच हाय?"

"नाही. बाहेरचा आहे."

"परत येतो काय?"

"येतो," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. "बऱ्याचदा येतो."

"मंग एकदा जेवाया घाल त्याला," काशीकाकी म्हणाली. "तवा तरी गप बसंल."

मी हसले. तोंडावर हात ठेवून हसले आणि मग ते हसणं मला आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. काशीकाकीनं मला पडवीत बसवलं आणि उपासाचं पित्त झालं असेल म्हणून गूळ-पाणी दिलं.

काही पानं पावसातून वाचलीच नव्हती. मधल्या गठ्ठ्यात कडेनं पाणी शिरून, एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. हिराला नेमकी तीच हवी होती. घाणेवाली तेलाची घागर घेऊन बंदरावर जाते, आणि नंतरच्या पानावर परत येते ती गप्प गप्प. मधी काय झाला, असं ती विचारत होती. मी आठवून सांगायला लागले. मी, जी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे, त्या पडवीत बसून माझी गोष्ट तोंडानं सांगत होते. हिरानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"असा नसंल," ती म्हणाली. "नीट लिवून दे."

वाळलेली पानं मी गोळा करून आणली. त्यांना कायमचा सुकटीचा वास लागला.

दोन-तीन दिवसांत बाबांनी विचारलं. टपाल आल्याचं त्यांना पोस्टमनकडून कळलं होतं. ते मोठी ट्रंक दोरखंडानं बांधून बघत होते.

"परत आली ना?" 

"हो."

"मग ठरल्याप्रमाणं."

"मी येणार नाही, बाबा."

त्यांनी दोर सोडला. मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. ते चिडले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी नीट, समजून घ्यायला विचारलं, की कुणी छापत नाही तर मागं राहून मी करणार काय.

"मधली पानं गेलीत. ती लिहायची आहेत."

"कुणासाठी?"

"हिरासाठी. तिनं मागितलीत."

"शेजारच्या पोरीसाठी तू आईबापांना सोडणार?" मग म्हणाले, "तिकडं गेल्यावरही लिहिता येईल तुला."

"तिकडं कोण मागेल?"

बाबांनी ट्रंकेचा दोर गुंडाळून ठेवला. त्यांनी मला राहा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. फक्त उठून सायकल काढली आणि सुट्टी असूनही पळस्प्याच्या रस्त्याला निघून गेले. मग आई आतून आली. तिनं ट्रंक उघडली आणि माझे कपडे एकेक करून बाहेर काढले, झटकून घड्या घातल्या, आणि कपाटात परत ठेवले. रडत होती, पण घड्या सरळ होत्या.

त्यांची बोट सुटली ती मी धक्क्यावरून पाहिली. धाकटा भाऊ कठड्याला टेकून ओरडून काहीतरी सांगत होता, ते भोंग्यात बुडालं. पुढं पत्रात विचारलं तर त्याला आठवत नव्हतं. आता तो मराठीत लिहीत नाही. आई लिहिते, पण तिच्या पत्रांत आता असे शब्द येतात जे मला आईकडूनच विचारून घ्यावे लागतात.

मी मधली पानं लिहिली. पावसाळा संपून मिठागरांत पाणी घ्यायला लागले तोपर्यंत लिहीत होते. हिरानं वाचली आणि म्हणाली की तू तेव्हा तोंडानं सांगितलंस तेच बरं होतं. मग तिचं लग्न झालं. सासर करंज्याला, आणि ती परत फारशी आली नाही. मी सगळी कादंबरी पुन्हा उतरून दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवली. ती परत आली. मावशी गेली. तिला मशिदीच्या माणसांनी पांढऱ्यात गुंडाळून नेलं, तेव्हा प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला ठाण्याहून माणसं आणावी लागली. घर दुसऱ्यांना गेलं. मी मुंबईला मुलींना इंग्रजी शिकवायला लागले, माझ्याच जुन्या शाळेत. दुसरी कादंबरी लिहिली. तो बाहेरचा माणूस त्याही वेळी आला.

लिहिण्यात आनंद असतो म्हणतात. मला तो क्वचित भेटला आहे. बहुतेक दिवस मी शाळेतून येते, चहा करते आणि टेबलाशी बसते. वाक्य होतं ते मेलेलं असतं. मावशी असती तर तिनं ते पुन्हा एकदा, आपल्या पद्धतीनं, म्हणून दाखवलं असतं. ती जशी बोलायची तशी बोलणारी माणसं आता समुद्रापलीकडे म्हातारी होत आहेत, आणि त्यांची मुलं त्यांना उत्तर दुसऱ्या भाषेत देतात. ही भाषा माझी वाटत नाही असं मला तीनदा लेखी कळवण्यात आलं आहे. कधीकधी मला वाटतं ते बरोबर असतील. आणि तरी संध्याकाळी मला दुसरीकडे कुठं बसता येत नाही.

गिरणीची सावली सरकली होती. निळ्या घरातून एक बाई सूप घेऊन बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली, आणि शेवटी कुणाकडे आलात म्हणून विचारलं. मी रस्ता ओलांडला. पूर्वी आम्ही इथं राहायचो म्हटलं. तिनं मला बसायला सांगितलं आणि तांदूळ पाखडता पाखडता चौकशा केल्या. नवरा? नाही. आईवडील? लांब. मग करता काय?

एरवी मी अशा वेळी शिक्षिका म्हणते. ते खरंही आहे.

"कादंबऱ्या लिहिते."

सूप थांबलं. "छापल्यात?"

"नाही. एकही नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मूल नाही असं सांगणाऱ्या बाईकडे बायका जशा बघतात, तसं. आधी अंदाज घेत, मग आवाज खाली आणून.

"होईल हो," ती म्हणाली. "काहींना उशिरा होतं. माझ्या नणंदेला चाळिशीत झालं."

मी मान हलवली. ती आत चहा टाकायला गेली. बसला अजून अवकाश होता. मी पिशवीतलं पुडकं काढलं, गाठ सुटेना म्हणून दातांनी सुतळी तोडली. वरची चिठ्ठी न वाचता बाजूला ठेवली. पहिलं पान मांडीवर घेतलं, पेन्सिल शोधली, आणि पहिलं वाक्य खोडलं.